परसातला हलवता येणारा वेटलिफ्टिंग प्लॅटफॉर्म आणि रॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरामागे मी असा एक प्लॅटफॉर्म (ज्यावर उभं राहून वजनं उचलायची आणि टाकायची तो पाट) आणि रॅक (वजनांचा बार ठेवायचा लोखंडी सांगाडा) बनवला आहे. खरं तर दोन बनवले. पहिल्याचं काय झालं ते पुढे येईलच. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हापासून आमच्या वाड्यावरची दोन-चार पोरं बारच्या, म्हणजे वजनं उचलायच्या लोखंडी दांड्याच्या, नादाला लागली आहेत आणि तेच ते प्रश्न घेऊन येतात. दर वेळी तोंड वाजवण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

हलवता येणाराच कशाला? सिमेंटचा ओटा बांधला की झालं, नाही का?

जागा फक्त तुमची असेल आणि दुसऱ्या कशाला लागत नसेल तर खुशाल बांधा. आमच्याकडे तसं नाही. खळं काय, परस काय, वर्षभर बुक असतं. कार्तिकात तुळशीचं लग्न, फाल्गुनात शिगम्याचा मेळ दारात येतो, एप्रिल-मेमध्ये सोलं, मिरच्या, पापड वाळत पडतात आणि जूनला पाऊस. त्यातून गोव्यातली निम्मी घरं सामायिक. वाटण्या झालेल्या नसतात. तिथे चार फुटांचा ओटा बांधला तरी मुंबईच्या चुलतभावाचा फोन येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पण ‘हलवता येणारा’चा अर्थ नीट समजून घ्या. व्यायाम संपल्यावर तो हलला पाहिजे. बार हातात असताना तो गोठ्यातल्या दगडासारखा निपचित पडलेला हवा. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

मापं काय घ्यायची?

स्पर्धेचा प्लॅटफॉर्म ४ मीटर बाय ४ मीटर असतो. घरी तेवढा नको. पुरुषांचा ऑलिंपिक बार २० किलोचा आणि २.२ मीटर लांब, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास. महिलांचा १५ किलोचा, २.०१ मीटर. म्हणून रुंदी ८ फूट हवीच. पुढून मागे ६ फूट पुरतात.

मी तीन तुकडे केले: मधला ४ बाय ६ फुटांचा लाकडी, ज्यावर आपण उभे राहतो, आणि दोन्ही बाजूंना २ बाय ६ फुटांचे रबरी, ज्यांवर बारच्या प्लेटा, म्हणजे वजनाच्या चकत्या, पडतात. हे माप उगीच आलेलं नाही. बारच्या दोन कॉलरमधलं (आतल्या बाजूला प्लेटा जिथे अडतात त्या कड्यांमधलं) अंतर दोन्ही बारांत १३१० मिमी असतं. म्हणजे प्लेट मध्यापासून ६५५ मिमीवर सुरू होते. मधला तुकडा ४ फुटांचा असला की त्याची कड मध्यापासून ६१० मिमीवर येते. शिल्लक राहतात ४५ मिमी. बार थोडा इकडे-तिकडे सरकला तरी प्लेट बहुधा रबरावरच येते. मधला तुकडा याहून रुंद केलात तर प्लेटची धार दर वेळी लाकडाच्या कडेवर बसेल आणि महिन्याभरात कड फुटेल.

आता प्लायचा हिशोब. १८ मिमीची, म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सुताची, ८ बाय ४ ची तीन शीटं आणा. दोन शीटांतून ४ बाय ६ चे दोन तुकडे काढून एकावर एक बसवायचे, तो झाला मधला ३६ मिमीचा पाट. तिसऱ्यातून ४ बाय ६ काढून उभा चिरला की २ बाय ६ च्या दोन पट्ट्या मिळतात, त्या बाजूंना रबराखाली. प्रत्येक शीटामागे ४ बाय २ चा एक तुकडा उरतो. ते टाकू नका. त्यांतले दोन एकावर एक जोडले की पुन्हा ३६ मिमी जाडीचा, ४ फूट रुंद पाट होतो. तो मधल्या पाटाच्या मागे ठेवायचा आणि त्यावर रॅक उभा करायचा. तिसऱ्या तुकड्याचं मी प्लेटा ठेवायचं खोकं केलं.

मग मधला पाट सरळ अख्ख्या शीटाचा का नाही केला?

वजनामुळे. १८ मिमीचं एक चांगलं शीट ३५ किलोच्या पुढे जातं. दोन अख्खी जोडली की ७० च्या वर. ६ फुटांचा पाट साधारण ५५ किलोचा होतो, दोन माणसं आरामात उचलतात आणि तो पडवीच्या दारातून आडवा करून आत जातो. आठ फुटी आमच्या दारातून गेलाच नसता. आधी दार मोजा, मग प्लाय कापा.

कोणता प्लाय?

इथे मी मार खाल्ला आहे. पहिला प्लॅटफॉर्म साध्या कमर्शियल प्लायचा केला. दुकानदार म्हणाला, ‘पाण्याचं काय नाही होत, वरून रंग मार.’ मी रंग मारला, मे अखेरीला ताडपत्री घातली आणि निर्धास्त झालो. चवथीची साफसफाई करताना ताडपत्री उचलली तर प्लायचे थर पातोळीच्या पानासारखे सुटून आले. खालच्या अंगाला वाळवीने मातीचे बोगदे बांधले होते. एक कोपरा बोटाने दाबला तर बोट आत गेलं.

तेव्हा आयएस ७१० चा प्लाय घ्या, ज्याला बाजारात मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात. ‘मरीन’ हा शब्द कुणीही छापतो, त्यावर जाऊ नका. शीटावर आयएसआयचं चिन्ह, आयएस ७१० हा आकडा आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का ते पाहा. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर त्याच्या खालचा, ओलावा सोसतो पण गोव्याचे चार महिने बाहेर काढण्याइतका नाही. स्लॅबवाले वापरतात तो काळसर-तपकिरी शटरिंग प्लायही टिकाऊ असतो, फक्त त्याचा पृष्ठभाग दव पडलं की साबणासारखा होतो.

दोन थर जोडताना वॉटरप्रूफ ग्लू आणि दर ८ इंचांवर स्टेनलेस स्क्रू. स्क्रू खालून मारायचे आणि ३० मिमीचेच घ्यायचे. ३६ मिमीच्या पाटात ते वर डोकावत नाहीत. वरून मारलेत तर आज ना उद्या एखादं डोकं वर येऊन बुटाला लागेल. समुद्राजवळ राहत असाल तर ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचे स्क्रू मिळाले तर पाहा.

आणि कडा! प्लाय पाणी पितो ते कापलेल्या कडेतून. वरच्या अंगाला दोन हात मारलेत तर कडेला चार मारा, आणि खालचं अंग विसरू नका. उभं राहायच्या भागावर शेवटच्या हाताचा वॉर्निश ओला असतानाच वस्त्रगाळ रेती भुरभुरवली की पकड येते. पौषातल्या सकाळी या रेतीची किंमत कळते.

रबर कुठलं?

जिमच्या टाइल चांगल्या, पण महाग. मी गोठ्यात गुरांखाली घालतात ती रबराची चटई वापरली. ती साधारण साडेसहा बाय चार फुटांची मिळते. उभी दोन भागांत कापली आणि लांबी ६ फुटांवर आणली की दोन्ही बाजूंचं काम एका चटईत भागतं. रबर कापताना पात्याला साबणाचं पाणी लावा, चटईखाली कापायच्या रेषेवर एक पट्टी ठेवा म्हणजे चीर आपोआप उघडत जाते. करवत लावू नका, ती अडकते आणि वास आठवडाभर जात नाही.

एक क्रम मात्र पाळा. रबर आधी आणा, जाडी मोजा, मग त्याखालचा प्लाय ठरवा. मधला पाट ३६ मिमीचा आहे. बाजूला १८ मिमी प्लाय आणि त्यावर १८ मिमी रबर आलं तर बरोबर जुळतं. चटया सांगतात त्यापेक्षा एक-दोन मिमी पातळ निघतात. फरक पडलाच तर रबर किंचित वर असलेलं चालतं, खाली नको.

एवढी जाडी खरंच लागते?

१०० किलो दीड मीटरवरून सोडले आणि ते ३ सेंटीमीटरात थांबले, तर थांबताना सरासरी जोर वजनाच्या ५० पट, म्हणजे पाच टनांच्या घरात जातो. दीड मीटर भागिले तीन सेंटीमीटर, एवढाच हिशोब. रबर दबतं म्हणून ते तीन सेंटीमीटर मिळतात. नुसत्या सिमेंटवर लोखंडी प्लेट पडली तर थांबायला काही मिलिमीटरच असतात. जोर किती पट वाढेल ते तुम्हीच काढा. फुटतं ते सिमेंट तरी, प्लेट तरी, नाहीतर बारच्या आतलं बेअरिंग.

परसात जागा कुठे निवडायची?

चार ठिकाणं आधीच वगळा.

माडाखालची जागा. सावली छान असते, पण पाडेली (नारळ पाडणारा) येऊन गेला तरी एखादा नारळ राहतोच. त्याला तुमच्या सेटची पर्वा नसते.

सेप्टिक टँक आणि सोक पिटावरची जागा. जुन्या घरांत ती नेमकी कुठे आहे हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसालाच ठाऊक असतं. त्याला विचारा. वरचं झाकण माणूस चालण्यासाठी असतं, पाच टनांच्या थपडा खायला नसतं.

विहिरीचा काठ. सांगायला नको.

आणि चिऱ्यांचा जुना गडगा, विशेषतः मातीत बांधलेला. रोजच्या हादऱ्यांनी त्याचे सांधे मोकळे होतात आणि तो गडगा शेजाऱ्याचाही असतो.

उरलेल्या जागेत वरची माती चार बोटं काढा, बारीक खडी टाका, पाणी मारून धुम्मसाने ठोका आणि पाणसळ लावून बघा. ८ फुटांत अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे चालतो. खडी असल्याने पाणी खाली मुरतं. प्लॅटफॉर्मचा प्रत्येक इंच जमिनीला टेकलेला हवा. ‘हवा खेळावी’ म्हणून चार चिऱ्यांवर ठेवायचा मोह होतो. तसं केलंत की तो पाट राहत नाही, ढोल होतो. वाजतो आणि मधोमध मोडतो. शेणाने सारवलेल्या खळ्यावर तात्पुरता ठेवलात तर त्याच दिवशी उचला, खालून बुरशी धरते.

तीन तुकडे एकमेकांपासून सरकत नाहीत?

सरकतात. जुन्या पत्र्याच्या पेटीला असते तशी खटका लावून ओढून बसणारी कडी मिळते. मधला पाट आणि बाजूच्या पट्ट्या यांच्या सांध्यावर पुढून दोन, मागून दोन अशा चार कड्या बाजूच्या कडेला लावल्या आहेत. मागचा लहान पाट रॅकच धरून ठेवतो, कारण रॅकचे पाय दोन्ही पाटांवर येतात.

रॅकला कुठला पाइप? आमचा वेल्डर म्हणतो १६ गेज पुरे.

१६ गेज म्हणजे १.६ मिमी. ते खिडकीच्या जाळीला. रॅकसाठी ६० × ६० चा चौकोनी पाइप, जाडी ३ मिमी. तो मीटरला सव्वापाच किलोच्या आसपास भरतो. ५० × ५० × ३ घेतलात तरी घरगुती वजनांना पुरतो, पण भोकं पाडल्यावर ६० चा मला जास्त भरवशाचा वाटतो.

मी पाइप घेऊन गेलो तेव्हा आमच्या वेल्डरने तो हातात तोलून बघितला आणि विचारलं, ‘गेटाक इतलो दाट पायप कित्याक मरे?’ गेट नाही, याच्यावर दीडशे किलो ठेवून मी खाली बसणार आहे, असं सांगितल्यावर त्याने पाइप खाली ठेवला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि कानावरची पेन्सिल काढून मापं लिहून घेतली. वेल्डरला वस्तू कशासाठी आहे ते सांगा. नुसती मापं दिलीत तर तो आपल्या सवयीने चार टाके मारून मोकळा होतो. इथे प्रत्येक सांधा चारही बाजूंनी भरून हवा.

२० फुटांचे दोन पाइप पुरतात. १.८ मीटरचे दोन खांब, १.२ मीटरचे दोन पाय, मागे आडवे जोडायला १.१ मीटरचे दोन, ७० सेंटीमीटरचे दोन तिरके टेके आणि ६० सेंटीमीटरच्या दोन सेफ्टी आर्म (बार हातून सुटला तर झेलणारे, खांबांतून पुढे येणारे दांडे). उरलेल्यात बार ठेवायच्या हुकांचा जुगाड होतो.

रॅक किती रुंद?

खांबांच्या बाहेरच्या कडा १२२० मिमीच्या आत. बारवर कॉलरमध्ये १३१० मिमी जागा असते, म्हणजे दोन्हीकडे ४५ मिमी मोकळे. याहून रुंद केलात तर बार ठेवताना प्लेट खांबाला घासेल आणि अरुंद केलात तर एका बाजूच्या प्लेटा काढताना बार लवकर उलटेल. हे ऑलिंपिक बारचं माप आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये पाच-सहा फुटी बारीक रॉड असतात, त्यांची मापं निराळी. तुमचा रॉड टेप लावून मोजा आणि मगच पाइप कापा.

दोन सुटे स्टँड नाही चालणार? हलवायला तेच सोपे.

चालतात, आणि पडतातही. एका बाजूचा स्टँड बोटभर मागे राहिला की बार ठेवताना एकच हुक सापडतो. त्यापेक्षा दोन बाजूंचे दोन सांगाडे वेल्ड करा (खांब, पाय, टेका) आणि त्यांना जोडणारे दोन आडवे पाइप बोल्टने कसा. प्रत्येक सांगाडा २० किलोच्या आसपास होतो, एकटा माणूस खांद्यावर टाकून नेतो. बोल्ट १२ मिमीचे, ८.८ ग्रेडचे. डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो, बघून घ्या.

रॅक उलटणार नाही ना?

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष करून बनवलेले रॅक मी पाहिले आहेत.

पुढे उलटण्याबद्दल: वजन जिथे पडणार ती जागा पायांच्या आत असली पाहिजे. सेफ्टी आर्म ६० सेंटीमीटर पुढे येत असेल आणि पाय खांबापुढे ५० सेंटीमीटरच असतील, तर आर्मच्या टोकावर पडलेला बार रॅकला नमस्कार करायला लावेल. माझ्या रॅकचा पाय १.२ मीटर आहे, त्यात खांब मागून ४० सेंटीमीटरवर. पुढे ८० उरतात. आर्म ६०. वीस सेंटीमीटरचा दिलासा.

मागे उलटण्याबद्दल: दमून स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसणं-उठणं) संपवताना आपण बार खांबांवर ढकलतो, तोही छातीच्या उंचीवर. तिथला धक्का नुसत्या साठेक किलोच्या रॅकला मागे झुकवू शकतो. म्हणून पाय पाटांना बोल्टने जखडा. पाटाच्या खालच्या अंगातून टी-नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) ठोकून बसवायचे, वरून बोल्ट. प्रत्येक पायाला एक बोल्ट मागच्या लहान पाटात, एक मधल्या पाटात. आता रॅक एकटा नसतो, मोठा पाट आणि त्यावर उभे असलेले तुम्हीसुद्धा त्याला दाबून धरता.

स्नॅच आणि क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे बार जमिनीवरून डोक्यावर न्यायच्या, दिवशी रॅक काढून ठेवा. पाय पुढे आलेले असतात आणि जर्कला पाऊल टाकायला जागा लागते. चार बोल्ट काढायला पाच मिनिटं लागतात. कंटाळा केलात तर घोटा जाईल.

हुक आणि सेफ्टी आर्मसाठी भोकं?

खांबाला ५० मिमीच्या अंतराने १७ मिमीची भोकं, त्यात १६ मिमीच्या भरीव सळीची पिन. भोकं वेल्डिंगच्या आधी पाडा, दोन्ही खांब एकत्र शिकंज्यात धरून, स्टँडच्या ड्रिलवर. गॅसने पाडलेलं भोक कधीच गोल नसतं. आर्मला मागे ६ मिमीच्या दोन प्लेटा वेल्ड करा, त्या खांबाला दोन्ही बाजूंनी धरतात. पिन वरच्या अंगाला आणि आर्मचं खालचं टोक खांबाला टेकलेलं, म्हणजे भार पडला की आर्म खांबावर आणखी घट्ट बसतो. हुकाच्या आत नायलॉनचा किंवा जुन्या टायरचा तुकडा, नाहीतर बारवरची पकडीची नक्षी चार महिन्यांत गुळगुळीत होईल.

स्क्वॉटसाठी हुक काखेच्या जरा खाली. बार उचलताना चवड्यांवर यावं लागत असेल तर हुक एक भोक खाली घ्या.

पहिल्यांदा वापरायच्या आधी कोणीही आत न बसता आर्मवर वजन हळूहळू वाढवत नेऊन, वितभर उंचीवरून बार सोडून बघा. वेल्डला केसाएवढी चीर दिसली तरी परत वेल्डरकडे.

चाकं कुठे लावायची?

पाटाखाली कधीच नाही. गोल फिरणारी लहान चाकं तर नकोच. आपल्या तांबड्या खडेरी जमिनीत ती पहिल्या खड्यावर रुसतात, आणि त्यांचे ब्रेक हे टीव्हीच्या स्टँडसाठी असतात. मधल्या पाटाच्या पुढच्या कडेला सहा इंची भरीव रबराची दोन चाकं अशी बसवा की पाट आडवा असताना ती जमिनीपासून बोटभर वर राहतील. मागची कड उचलून पाट तिरका केला की मगच चाकं टेकतात. मागच्या कडेला दोरीचे दोन कान लावा. रॅकच्या सांगाड्यांना चाकं लागत नाहीत.

गंजाचं काय?

गोव्यात लोखंड गंजणारच, किती हळू ते आपल्या हातात. घासून चकचकीत केलं की त्याच दिवशी झिंकयुक्त प्रायमर, मग दोन हात एनॅमल. रात्रभर तसंच ठेवलंत तर सकाळी पिवळी झाक दिसेल. पाइप आतूनही गंजतो, ते दिसत नाही. वरच्या तोंडाला टोपी आणि पायाच्या खालच्या अंगाला पाणी निघायला लहान भोक ठेवा. जीआय (जस्त चढवलेला) पाइप वापरणार असाल तर वेल्डच्या जागी जस्ताचा थर आधी घासून काढायला सांगा. जळत्या जस्ताच्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो. वेल्डर लोक त्यावर दूध पितात, पण दुधाने फुप्फुसातला धूर जात नाही. मोकळ्या हवेत आणि मास्क लावून काम हवं.

बार घराच्या आत. रोज पुसायचा, आठवड्याला ब्रशने नक्षीतली पावडर काढून मशीन ऑइलचा पातळ हात.

पावसाळ्यात?

मान्सून बहुतेक जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. मी पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी झाली की प्लॅटफॉर्म उचलतो. पाट पडवीत भिंतीला टेकवून उभे, मध्ये चार बोटं अंतर, खाली दोन फळ्या. ताडपत्रीत गुंडाळू नका, माझ्या पहिल्या प्लॅटफॉर्मला तिनेच मारला. आत कोंडलेली वाफ पावसापेक्षा वाईट.

पाट उचलताना काही काळजी?

हो. जमिनीवर पडलेल्या फळीखाली विंचू असतो, कधी घोणसही. आपल्या बाजूची कड उचललीत तर तुमचे पाय आधी सापडतात. पलीकडची कड धरून स्वतःकडे ओढत उचला. पाट तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो आणि त्याला पलीकडे पळायला वाट मिळते. आधी काठीने दोनदा ठोका.

बंपर प्लेटा हव्यातच का?

बंपर म्हणजे टाकता येण्याजोग्या रबरी प्लेटा. डोक्यावरून सोडणार असाल तर हव्या. सगळ्या बंपरांचा व्यास ४५० मिमी असतो, त्यामुळे मार वाटून घेतला जातो. ५ किलोचा पातळ बंपर एकटा टाकू नका, वाकडा होतो. फक्त स्क्वॉट, प्रेस आणि डेडलिफ्ट करणाऱ्याला लोखंडी प्लेटा पुरतात, पण त्या हाताने खाली ठेवायच्या.

शेजारी तक्रार करतील?

रहिवासी भागात कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बार टाकल्याचा आवाज जवळून त्याच्या खूप वर जातो. मी दुपारच्या झोपेच्या वेळी आणि सातनंतर बार टाकत नाही. गोव्यात दुपारी दोन ते चार हा वेळ कायद्यात नसला तरी कायद्यापेक्षा कडक आहे.

एकट्याने करणं सुरक्षित आहे?

सेफ्टी आर्म लावून स्क्वॉट, होय. स्नॅच-जर्कला बार सोडून बाजूला व्हायची सवय आधी हलक्या वजनावर करा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेतलं, पण १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचा कोपर दुखावला. तिथे मदतीला माणसं उभी होती. परसात तुम्ही आणि कोंबड्या. घरात कोणीतरी असतानाच जड वजन घ्या.

आणखी एक. रॅकवरच्या बारच्या एका बाजूच्या सगळ्या प्लेटा एकदम काढू नका. दुसरी बाजू खाली आपटते आणि हलकं टोक उसळून तोंडावर येतं. एक इकडची, एक तिकडची.

खर्च किती?

भाव महिन्याला बदलतात, म्हणून आकडा देत नाही. पाइप किलोवर मिळतो. दोन पाइप धरा ६५ किलोच्या आत. प्लाय चौरस फुटावर, तीन शीटं म्हणजे ९६ चौरस फूट. यात रबराची एक चटई, बोल्ट, रंग आणि वेल्डरची दीड-दोन दिवसांची मजुरी मिळवा. काटकसर रंगात करा, पाइपच्या जाडीत नको. जुन्या बाजारातला पाइप घेणार असाल तर आत टॉर्च मारून बघा.

वापरात नसताना तो जागा अडवतो, घरचे कुरकुरतात.

आमच्याकडे मेमध्ये रॅक वापरात असतो, फक्त माझ्या नाही. आई दोन्ही सेफ्टी आर्म कमरेच्या उंचीवर लावून घेते, त्यांवर बांबू आडवे टाकते, बांबूंवर सुपं, आणि सुपांत सोलं. कुत्रं पोहोचत नाही, मुंग्या खांबाला खडूची रेघ मारली की चढत नाहीत असं तिचं म्हणणं. मला तेवढे दिवस पडवीत डंबेल.